दुखत नाही, म्हणूनच काळजी

प्रश्न : डॉक्टर ताई, नमस्कार. मी कुडाळला असते, माहेर मालवण तालुक्यात. आबा ६३ वर्षांचे, साखर गेली १६ वर्षं. दिवाळीच्या आधी भात झोडताना त्यांच्या उजव्या डोळ्यात कुसळ गेलं. शेजारच्या काकींनी पदराच्या टोकानं काढलं. दोन दिवसांनी डोळा लाल झाला, तेव्हा आईने मेडिकलमधून ड्रॉप आणले. चार दिवस बरं वाटलं, लाली गेली. मग त्या डोळ्याला धूसर दिसायला लागलं. भाऊबीजेला मी घरी गेले तर बुबुळावर खसखशीएवढा पांढुरका ठिपका. आबांचं एकच, "माका दुखना नाय, मगे दाक्तराकडे कित्याक जाव?" जबरदस्तीनं नेलं. डॉक्टर म्हणाले, बुबुळाला जखम आहे, साखरेमुळे भरायला वेळ लागेल, आठ दिवसांनी दाखवा. तीन महिन्यांची साखर ९.६ आली. जानेवारीत शिबिरात डोळ्यांचा पडदा तपासून घेतला होता, तो चांगला होता. मग हे कुठून आलं? साखरेनं पडदा खराब होतो एवढंच आम्ही ऐकून आहोत. डिसेंबरात त्याच डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय, ते करायचं का? आणि दुखत नाही ही चांगलीच गोष्ट ना?
– एक लेक, कुडाळ

उत्तर : ताई, सदरातून उत्तर छापून यायला दिवस जातात आणि तुमचं पत्र दिवस घालवण्याजोगं नव्हतं, म्हणून पहिली गोष्ट मी त्याच संध्याकाळी फोनवर सांगितली. आठ दिवस थांबू नका, उद्या सकाळीच कॉर्नियाचं, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचं, काम करणाऱ्या डॉक्टरकडे न्या आणि मेडिकलमधून आणलेली ती बाटली सोबत घ्या. तुम्ही दुसऱ्या दिवशी त्यांना गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात नेलंत. बाटलीवर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघालं. जखमेची कड खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर बुरशी दिसली. आता दर तासाला औषध चालू आहे. तुम्ही परवानगी दिलीत म्हणून हे सगळं इथे लिहिते आहे, कारण भातकापणीच्या या दिवसांत असंच कुसळ आणखी कुणाच्या तरी डोळ्यात गेलेलं असणार आणि त्या घरातही कुणीतरी म्हणत असणार, दुखत नाही ना, मग राहू दे.

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते. दुखत नाही ही चांगली गोष्ट नाही. तुमच्या अख्ख्या पत्रात मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती या वाक्याची.

बुबुळाच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक पडदा असतो, तो कॉर्निया. मराठीत त्याला पारपटल म्हणतात, पण दवाखान्यात सगळे कॉर्नियाच म्हणतात, मीही तेच लिहिते. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात एकही रक्तवाहिनी नाही. असती तर आपल्याला आरपार दिसलंच नसतं. पण संवेदनेचे तंतू मात्र इतके दाट असतात की शरीरात दुसरीकडे कुठे तसे सापडत नाहीत, त्वचेपेक्षा शेकडो पटींनी जास्त. म्हणून तर चुलीतल्या राखेचा एक कण डोळ्यात गेला की धडधाकट माणूस दोन्ही हातांनी डोळा धरून खाली बसतो. निरोगी डोळ्यात कुसळ घुसलं असतं तर आबा त्या रात्री झोपू शकले नसते. ते झोपले. दुसऱ्या दिवशी पुन्हा खळ्यावर गेले.

सोळा वर्षांच्या साखरेनं त्यांच्या कॉर्नियातले हे तंतू विरळ केले आहेत. पायांचं जे होतं तेच इथे होतं. तुम्ही फोनवर सहज बोलून गेलात की गेल्या पावसाळ्यात बांधावरून येताना आबांच्या पायातली चप्पल चिखलात राहिली आणि ते घरी आल्यावर त्यांना कळलं. ताई, त्या चपलेची आणि या कुसळाची गोष्ट एकच आहे. पाय बधिर झाले की डोळ्याचा पुढचा भागही तपासून घ्यायला हवा, हे आपल्याकडे फार कमी घरांना सांगितलं जातं. कॉन्फोकल नावाचा एक सूक्ष्मदर्शक असतो, त्याखाली कॉर्नियातले तंतू जिवंत माणसाच्या डोळ्यात बघता येतात. साखर असलेल्यांमध्ये ते कमी झालेले दिसतात, आणि कित्येकदा मागच्या पडद्यावर काही दिसायला लागण्याच्या आधीच.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी मासे विकणाऱ्या एक मावशी चष्म्याचा नंबर काढायला आल्या होत्या. तक्रार एवढीच की डाव्या डोळ्यानं जरा पुसट दिसतं. मशीनवर हनुवटी टेकवली आणि मी बघतच राहिले. कॉर्नियाला माशाचं खवलं चिकटलेलं होतं, अख्खं, अभ्रकाच्या तुकड्यासारखं चकाकत. कधी गेलं ते त्यांना सांगता येईना. तीन दिवसांपूर्वी बांगडे साफ करताना काहीतरी उडाल्यासारखं वाटलं होतं, म्हणाल्या. मी कापसाची बारीक वात ओढून तिचं टोक कॉर्नियाला हळूच लावलं. असं केल्यावर माणूस दचकून डोके मागे घेतो, पापणी आपोआप मिटते. मावशी कापसाकडे बघत बसून राहिल्या. मग त्यांनीच विचारलं, "झाला तपासून?" वीस वर्षांची साखर होती त्यांना.

माझ्या सुरुवातीच्या काळात पेशंट म्हणाला की दुखत नाही, तर मीही मनातून सुटकेचा श्वास टाकत असे. ती चूक होती. आता साखरेचा पेशंट लाल डोळा घेऊन आला आणि दुखत नाही म्हणाला, की त्याला रांगेत पुढे घेते.

बरं, हे तंतू फक्त दुखणं सांगायला असते तरी एक वेळ चाललं असतं. पण डोळ्यात पाणी आणणं आणि पापणी लवायला लावणं हेही त्यांच्याच सांगण्यावरून होतं. ते मुके झाले की पापण्या कमी लवतात, आसवं कमी येतात, डोळा कोरडा पडतो. मालवणच्या किनाऱ्यावर दिवसभर खारा वारा, ऊन आणि वाळू, घरात आलं की चुलीचा धूर. आणि तिसरं काम तर कुणाच्या लक्षातच येत नाही. हे तंतू कॉर्नियाच्या पेशींना वाढीसाठी लागणारी द्रव्यं पुरवत असतात. ती आटली की साधा ओरखडाही भरून येत नाही.

आता "हे कुठून आलं" या प्रश्नाकडे येते. कॉर्नियाच्या सगळ्यात वर पेशींचे पाच-सात थर असतात. ते सतत झडतात आणि नवे येतात, आठ-दहा दिवसांत वरचं सगळं आवरण नवं होतं. निरोगी डोळ्यात लहानसा ओरखडा एक-दोन दिवसांत भरतो, इतकी त्याची घाई असते. हे थर खालच्या एका पातळ पापुद्र्याला घट्ट धरून असतात. आपल्याकडच्या चिऱ्याच्या घराचं उदाहरण घ्या. चिरा कोरडा असेल तर वरचा गिलावा वर्षानुवर्षं टिकतो. चिऱ्यात ओल धरली की गिलाव्याला पोपडे येतात, आणि वरून कितीही नवा गिलावा मारा, पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा सुटतो. साखरेत तो मधला पापुद्रा जाड आणि बिघडलेला होतो, वरच्या पेशींची पकड ढिली पडते. म्हणून पदराचं टोक नुसतं फिरलं तरी चांगला भाग सोलून निघतो. काही जणांची जखम भरते आणि महिन्याभरानं सकाळी डोळा उघडताना, काहीही लागलेलं नसताना, त्याच जागी पुन्हा उकलते.

तुमच्या हातातला तो ९.६ चा रिपोर्टही हेच सांगतो आहे. तीन महिन्यांची साखर म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटून बसलेली साखर. पण साखर काही फक्त हिमोग्लोबिन बघून चिकटत नाही. शरीरातल्या प्रथिनांना ती जिथे मिळेल तिथे चिकटते, कॉर्नियाच्या त्या पापुद्र्यालाही. हिमोग्लोबिन तीन-चार महिन्यांत बदलतं. हा पापुद्रा तसा बदलत नाही, त्याच्यावर वर्षांची बाकी साठत जाते.

आणि जानेवारीतल्या शिबिराबद्दल. तिथे जे तपासलं ते खरंच चांगलं असणार. पण बाहुली मोठी करणारे थेंब घालून जो पडदा बघतात तो रेटिना, डोळ्याच्या पाठीमागचा. तो दरवर्षी तपासलाच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. कॉर्निया हा पुढचा. घराचं परसू स्वच्छ आहे म्हणून पडवीचं छप्पर गळत नाही असं थोडंच आहे? शिबिरात एकेका माणसाला मिळतात दोन-तीन मिनिटं, त्यात पुढच्या भागावरून नजर भरकन फिरते. पुढच्या वेळी तुम्ही स्वतः सांगा : यांच्या कॉर्नियाची संवेदना बघा. पण सुन्न करणारे थेंब घालायच्या आधी, नाहीतर त्या तपासणीला अर्थच राहत नाही. कापसाच्या धाग्याला काही पैसे पडत नाहीत. पिवळ्या रंगाचा थेंब घालून निळ्या प्रकाशात बघितलं की ओरखडे हिरवे चमकतात, तेही त्याच बैठकीत होतं. पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवून आसवं मोजता येतात.

कुसळाबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय. भाताचं कुसळ, गवताचं पातं, नारळाची झावळ, करवंदीचा काटा, यांपैकी काहीही डोळ्याला लागलं तर त्याच्यासोबत बुरशीचे बीजाणू येतात. आपल्या दमट हवेत ते सगळीकडे असतात. निरोगी कॉर्निया त्यांना आत येऊ देत नाही, पण सोललेल्या जागेतून त्यांना वाट मिळते. फ्युजेरियम आणि अ‍ॅस्परजिलस या दोन बुरशी आपल्या देशातल्या शेतकऱ्यांचे सगळ्यात जास्त डोळे खातात. बुरशीची जखम जिवाणूंच्या जखमेसारखी एका दिवसात पेटत नाही. ती सावकाश पसरते, कडा पिसासारख्या विस्कटलेल्या असतात, कधी मुख्य ठिपक्याच्या आजूबाजूला बारीक ठिपके उमटतात. त्यात संवेदना गेलेली असली की माणूस तीन-तीन आठवडे निवांत असतो.

आणि मग तो मेडिकलमधला थेंब. आईला कृपा करून दोष देऊ नका, त्यांनी घरोघरी जे करतात तेच केलं. पण इतरांनी हे वाचून बाटली उलटी करून नावं वाचायला शिकावं. डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडं आहेत. कित्येकदा ती अँटिबायोटिकबरोबर एकाच बाटलीत असतात, त्यामुळे नाव निरुपद्रवी वाटतं. स्टेरॉइडनं लाली जाते, कारण शरीर त्या जागी जी लढाई करत असतं तीच ते थांबवतं. चार दिवस बरं वाटलं ते यामुळे. त्या चार दिवसांत बुरशीला रान मोकळं मिळालं. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे थेंब देऊ नयेत असा नियम आहे. तरी गावोगावी ते दिले जातात, आणि दरवर्षी त्यापायी गेलेले डोळे मी बघते. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. डॉक्टरनंच स्टेरॉइड लिहून दिलेलं असेल तर मात्र ते स्वतःच्या मनानं बंद करू नका, त्यांना विचारा.

आबांना मध घालायचा होता असं तुम्ही म्हणालात. नको. अंगावरचं दूध नको, गुलाबपाणी नको, काजळ नको, जिभेनं कण काढणारी माणसं आपल्याकडे अजून आहेत, तेही नको. मध किंवा दूध वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, पण उघड्या जखमेवर निर्जंतुक नसलेलं काहीही घालणं म्हणजे नवे जंतू आत सोडणं. विहिरीच्या पाण्यानंही जखमेचा डोळा धुऊ नये, त्यातल्या अमिबाचा एक प्रकार कॉर्निया पोखरतो आणि त्याचा उपचार बुरशीपेक्षाही चिवट आहे. कण गेल्या गेल्या धुवायचंच झालं तर उकळून गार केलेलं पाणी वापरा. डोळा चोळू नका. रुतलेलं कुसळ घरी ओढू नका.

आता चालू असलेल्या उपचाराबद्दल. त्यांना नॅटामायसिन हे बुरशीवरचं औषध दिलंय ते योग्यच आहे. तुमच्या भावानं मुंबईहून विचारलं की याहून महागडं, नवं औषध मिळतं का. व्होरिकोनाझोल नावाचं नवं औषध आहे, पण तमिळनाडूतल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत दोन्हींची तुलना केली गेली आणि २०१३ साली तिचे निष्कर्ष आले, त्यात जुनं नॅटामायसिनच सरस ठरलं, विशेषतः फ्युजेरियमवर. म्हणजे तुम्ही कमी पैशांत कमी प्रतीचा उपचार करत आहात असं मनात आणू नका. एक मात्र आईला नक्की सांगा. या औषधात पांढरा साका असतो आणि तो बाटलीच्या तळाशी बसतो. प्रत्येक वेळी बाटली चांगली हलवूनच थेंब घालायचा. न हलवता घातलेला थेंब म्हणजे वरचं पाणी. थेंब घातल्यावर डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरी पूड दिसते, ती घाण समजून कापसानं जखमेपर्यंत पुसत जाऊ नका. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. हे आठवड्यांचं काम आहे, दिवसांचं नाही. ठिपका आहे तेवढाच राहिला तरी पहिल्या आठवड्यात ते चांगलं लक्षण समजा.

बुरशी गेल्यावरही साखरेमुळे वरचं आवरण लवकर चढणार नाही, याची तयारी ठेवा. तेव्हा प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम आसवांचे थेंब लागतात, रात्री जेल लागतं. तेवढ्यानं भागलं नाही तर पट्टीसारखी मऊ लेन्स बसवतात, स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या सीरमचे थेंब करतात, कधी गर्भवेष्टनाचा, म्हणजे गर्भातल्या बाळाभोवतीच्या पिशवीचा, पापुद्रा लावतात, कधी पापण्या बाहेरच्या बाजूला काही आठवड्यांपुरत्या शिवून डोळा अर्धा मिटून ठेवतात. पापण्या शिवायच्या म्हटलं की घरची माणसं हादरतात. हादरू नका. कॉर्नियाला झाकून ठेवणारी पापणी हे सगळ्यात जुनं आणि भरवशाचं मलम आहे, आणि टाके नंतर काढता येतात.

मोतीबिंदू डिसेंबरात नको. जंतुसंसर्ग असलेल्या डोळ्यावर ते ऑपरेशन करतच नाहीत, त्यामुळे तो निर्णय तुमच्यासाठी झालेलाच आहे. पण पुढे, डोळा शांत झाल्यावर, ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना दोन गोष्टी सांगा. पहिली, कॉर्नियाच्या आतल्या थरातल्या पेशी मोजून घ्या. बाहेरचं आवरण नवं येतं, हा आतला थर येत नाही. पेशींची एकच रांग, आणि तिचं काम होडीत बसून डब्यानं पाणी उपसणाऱ्या माणसाचं. उपसणं थांबलं की कॉर्नियात पाणी भरतं आणि तो दुधाळ होतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये यातल्या काही पेशी जातातच, आणि साखर असलेल्यांच्या पेशींची ताकद आधीच कमी असते. दुसरी, यांच्या कॉर्नियाला संवेदना कमी आहे हे स्पष्ट शब्दांत सांगा. ऑपरेशननंतर केटोरोलॅक किंवा नेपाफेनॅकसारखे वेदनाशामक थेंब देतात, साखरेच्या पेशंटला तर रेटिनावर सूज येऊ नये म्हणून मुद्दाम देतात. त्याला कारण आहे. पण बधिर, कोरड्या कॉर्नियावर हेच थेंब, क्वचित का होईना, कॉर्निया विरघळवतात. डॉक्टरांना आधी माहीत असलं की ते थेंब टाळतात किंवा दोन दिवसांआड तपासत राहतात.

नवा चष्माही एवढ्यात करू नका. साखर वर-खाली होते तशी आतली लेन्स पाणी धरते आणि सोडते, नंबर महिन्याभरात बदलतो आणि चष्म्याचे पैसे वाया जातात.

जखम भरल्यावर मागे पांढरा डाग राहील. आपल्याकडे त्याला डोळ्यात फूल पडलं म्हणतात. ते बरोबर मध्यभागी बसलं तर नजर अडते आणि मग कॉर्निया बदलण्याचा विचार करावा लागतो. हे ऑपरेशन नवं नाही, पहिलं यशस्वी झालं ते १९०५ साली. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ठिपका बुबुळाच्या खालच्या बाहेरच्या बाजूला आहे, म्हणून तुमच्या बाबतीत ती वेळ येणार नाही अशी मला आशा आहे. आबांनी तुमच्यामार्फत विचारलं होतं की साखर असलेल्या माणसाचे डोळे मेल्यावर कुणाला चालतात का. त्या अवस्थेत हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाबद्दल मला किती आदर वाटला ते त्यांना सांगा. चालतात. साखर असली, चष्मा असला, मोतीबिंदू झालेला असला, तरी नेत्रदान करता येतं. घरच्यांनी सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवायचं असतं.

साखरेबद्दल थोडं. ९.६ वरून सातच्या आसपास यायचंय, पण महिन्याभरात नाही. फार झपाट्यानं साखर उतरवली तर रेटिनाचा त्रास काही काळ वाढू शकतो, म्हणून औषधं तुमच्या फिजिशियनच्या सल्ल्यानंच वाढवा. आबांना भात सोडा असं मी सांगणार नाही, मालवणात ते कुणी ऐकणारही नाही. पण सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात, रात्री पुन्हा भात, यातला एक तरी भात कमी झाला पाहिजे. पेज पातळ असते म्हणून ती हलकी वाटते, ताटलीत घेतली असती तर तो वाडगाभर भातच आहे. दिवाळीचे गुळाचे पोहे झाले, त्याचं आता काही करता येत नाही. येणाऱ्या एप्रिल-मेमध्ये हापूस घरात पेटीनं उतरेल तेव्हा काय करायचं ते मात्र आत्ताच ठरवा. मासे खुशाल खाऊ देत, तळलेले कमी. कुणी डोळ्यांच्या कोरडेपणासाठी माशाच्या तेलाच्या महाग गोळ्या सुचवल्या तर ते पैसे राखून ठेवा. २०१८ साली मोठ्या चाचणीचा निकाल आला, त्यात त्या गोळ्यांचा फायदा साध्या ऑलिव्ह तेलाच्या गोळ्यांपेक्षा जास्त दिसला नाही. पानात बांगडा असू दे, तो जेवण म्हणून उत्तमच आहे.

डावा डोळा. साखर एकाच डोळ्यात जात नाही. उजव्या कॉर्नियाला जे झालंय तेच डाव्यालाही झालं असणार, फक्त तिथे अजून कुसळ गेलेलं नाही. त्या डोळ्याला आत्तापासून दिवसातून चार वेळा कृत्रिम आसवं घालता येतील का, ते बांबोळीच्या डॉक्टरांना विचारा. रात्री पंख्याचा झोत सरळ तोंडावर नको. आबा झोपल्यावर आईला एकदा बघू दे की पापण्या पूर्ण मिटतात की फट राहते.

आणि झोडणी. पुढच्या वर्षी आबा खळ्यावर जाणारच, त्यांना अडवायला जाऊ नका. हार्डवेअरच्या दुकानात वेल्डिंग-ग्राइंडिंगवाले वापरतात तसा पारदर्शक, बाजूनं बंद असलेला प्लॅस्टिकचा चष्मा मिळतो. एक आबांसाठी आणा, एक काकींसाठी. उडवी रचताना, मळणी यंत्रासमोर उभं राहताना, नारळ पाडताना आणि मासे खवलताना तो डोळ्यावर असू दे. घामानं आतून वाफ धरते, आबा कुरकुर करतील. पुसून पुन्हा लावायला सांगा.

आईला एक रोजचं काम द्या. सकाळी, पडवीत उजेड आला की, आबांना त्याच खुर्चीवर त्याच दिशेला तोंड करून बसवायचं आणि मोबाइलवर दोन्ही डोळ्यांचे फोटो काढायचे. दुखतं का हे विचारायचं नाही. बघायचं. ठिपका वाढला, कड पसरली, बुबुळाच्या तळाशी चंद्रकोरीसारखी पांढरी रेघ साठली, नजर आदल्या दिवसापेक्षा कमी झाली, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी निघायचं. एक दिवस गाडी चुकली तर ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा, पण घरी थांबू नका.

रविवारचा फोटो मला पाठवा. परवाच्या फोटोत वरची कड जरा गोलाकार झाल्यासारखी वाटली, पण उजेड तिरका होता, म्हणून अजून काही म्हणत नाही.